रंगाखालचा बाण

जीप साठच्या पुढे गेली की सीटखालून थरथर सुरू व्हायची. आधी सीट, मग पायाखालचा पत्रा, आणि सत्तरला तर आरशात मागच्या एका ट्रकचे दोन ट्रक दिसायचे. गाडी मी चालवत होते, शेजारी हे बसले होते. अमरावतीहून तिवशाकडे जाणारा रस्ता आता असा झालाय की पोटातलं पाणी हलत नाही, त्यामुळे रस्त्यावर खापर फोडायचीही सोय नव्हती.

"कमी कर," हे म्हणाले.

मी कमी केली. पन्नासला आली तशी थरथर गेली. ह्यांनी आपला उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे पाहत बसले.

"माह्याच हातचं हाय हे. हात गेला माहा."

माझं डोकंच फिरलं. "अवो, गाडीनं अजून धड तोंड नाई उघडलं, अन् तुमी निकाल लावून मोकळे! चाकं हायेत, इंजिन हाय, गिअर हाय, त्याईले नाई विचारलं काही? सरळ हातावर आले?"

ते हाताकडेच पाहत राहिले. हे बोलत नाहीत तेव्हा मला जास्त राग येतो, हे लग्न झालं त्या वर्षीच कळलं होतं. तो राग घेऊन मी गाडी वळवली आणि अमरावतीपर्यंत हॉर्नच वाजवत आले.

हे म्हणजे माझा नवरा. आमचं अमरावतीत जीपचं गॅरेज आहे, सासऱ्यांनी टाकलेलं. चिखलदऱ्याकडे मेळघाटात ज्या फोर-व्हील गाड्या चालतात, त्यांचे हाल काय होतात ते विचारू नका. त्या गाड्या शेवटी आमच्या दारात येतात. मी तिवशाजवळच्या शेतकऱ्याची पोरगी, लग्नाआधीच ट्रॅक्टर चालवायची. सासरी आल्यावर गाडीखालून ह्यांचे दोन पाय आणि 'चौदाचा पाना दे वं' एवढाच संसार बरीच वर्षं दिसला. पाने ओळखायला मी अशी शिकले.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ह्यांना लकवा मारला, उजव्या बाजूला. सकाळी चहा पिता पिता तोंड वाकडं झालं आणि कप हातातून सुटला. देवाची कृपा म्हणा, डॉक्टरांची म्हणा, महिन्याभरात बोलणं सुधारलं, मग पाय उचलायला लागले. हात सगळ्यात मागे राहिला. रोज चेंडू दाबायचे, तांदळाचे दाणे उचलायचे. दिवाणखान्यात बसून जीप-मिस्त्री तांदूळ वेचतोय, हे मला बघवायचं नाही. मी आपली स्वयंपाकघरात भांडी आपटत बसायची.

आमची एकुलती एक मुलगी अकोल्याला दिलेली. ती तेव्हापासून मागे लागली होती, "बाबा, शटर खाली करा आणि दोघंही इकडे या. वरची खोली रिकामीच आहे." तिचं चूक नव्हतं. रात्री-अपरात्री काही झालं तर आई एकटी काय करणार, ही धास्ती तिला होती. पण ह्यांना शटर खाली करा म्हणणं म्हणजे श्वास थांबवा म्हणण्यासारखं. शेवटी पोळ्याच्या सुमारास बाप-लेकीचं फोनवर जोराचं वाजलं आणि ह्यांनी शब्द देऊन टाकला.

"आपल्या जीपले नवा शाफ्ट टाकाचा हाय. तो मी माह्या हातानं टाकतो. त्याच जीपमंदी तुह्या आईले घिऊन दिवाळीले अकोल्याले येतो. गाडी बिनतक्रार आली, त शटरची गोठ पुन्हा काढाची नाई. नाई आली, त गॅरेजची चावी तुह्या हातात."

मुलगी बापावरच गेलेली. म्हणाली, "मंजूर."

आता हा शाफ्ट काय, ते सांगते. इंजिनचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारी ती लांब लोखंडी नळी. आमच्या जीपचा शाफ्ट लकव्याच्या आधीच वाकला होता. मेळघाटातल्या एका नाल्यात कोणाची तरी फसलेली गाडी ओढायला हे गेले आणि खालून दगड लागला. तेव्हापासून जीप गॅरेजच्या कोपऱ्यात उभी होती. नवा शाफ्ट आणला, पण ह्यांनी तो लगेच लावला नाही, कारण आमच्याकडची रीत आडवी आली.

सासऱ्यांपासून चालत आलेली रीत अशी, की कुठलाही नवा भाग गाडीला तसाच नागडा लावायचा नाही. आधी चंदेरी रंगाचा हात मारायचा, मग हळद-कुंकू, मग गाडीखाली. दसरा जवळ असला तर तो भाग खंडेनवमीच्या पूजेला पान्यांच्या आणि जॅकच्या शेजारी पाटावर बसवायचा. गंज लागत नाही, म्हणायचे सासरे. मला विचाराल तर त्यांना चमकणारं आवडायचं, दुसरं काही नाही. तर ह्यांनी शाफ्ट सुटा करून रंगवला, एक नाही, चांगले दोन हात दिले. नवरीसारखा पाटावर मांडला, झेंडूची माळ घातली. दसरा झाल्यावर गाडीखाली शिरून त्यांनी तो एकट्याने बसवला. मला जवळ येऊ दिलं नाही. घामाघूम होऊन बाहेर आले तेव्हा चेहरा असा होता की मला वाटलं, लकवा कधी झालाच नव्हता.

आणि पहिल्याच फेरीला ही थरथर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचला आणि गॅरेजमध्ये जाऊन उभी राहिले. म्हटलं, "चाला. एकेकाले पकडू. तुमी सांगा, मी करतो."

"तू कावून डोकं लावून राहिली?"

"कावून म्हंजे? अकोल्याच्या वरच्या खोलीत मले बी जा लागन ना!"

तेव्हा कुठे थोडं हसले.

आधी जीप जागेवर उभी ठेवून इंजिन जोरात फिरवलं. कान बधिर झाले, पण थरथर नाही. "इंजिन सुटलं," हे म्हणाले. मग तिवशाच्या रस्त्याला नेऊन सत्तरला गेल्यावर गिअर न्यूट्रलला टाकला आणि गाडी नुसती घरंगळू दिली. थरथर तशीच. म्हणजे गिअर आणि क्लचही सुटले. मागची चाकं पुढे टाकली, पुढची मागे. त्यात माझी कंबर गेली, थरथर जागेवर. चाकंही सुटली. खरं सांगते, एकेक जण सुटत गेला तशी मला धडकी भरत गेली. सगळे निर्दोष सुटले तर शेवटी उरणार कोण?

हे बाकावर जाऊन बसले, तेव्हा मीच विचारलं, "बाण जुळवले होते ना?"

हा शाफ्ट एकसंध नसतो. दोन तुकडे असतात आणि एक दुसऱ्यात सरकतो, कारण खड्ड्यात मागच्या चाकांचं धूड वरखाली होतं तेव्हा शाफ्टला लांब-आखूड व्हावं लागतं. आत दाते असतात. दोन्ही तुकड्यांवर एकेक बारीक बाण कोरलेला असतो आणि जोडताना बाणासमोर बाण यावा लागतो. इतकं तर मलाही माहीत होतं.

ह्यांना राग आला. "मले विचारून राहिली? जिंदगी गेली बाण जुळवण्यात! रंग दिला तरी आंगठ्याले लागते तो. आंगठ्यानं पाह्यले दोन्ही, मंगच बसवला."

मी म्हटलं, बरं बावा, चूक झाली विचारायची. आणि समोरच्या टपरीवरून चहा आणवला. काचेचे ग्लास, चहा असा उकळता की मी माझा ग्लास पदरात धरला. हे मात्र उजव्या हातात ग्लास घेऊन आरामात बोलत होते, बोटं सगळी काचेला लागलेली. मला बरंच वाटलं. हात पूर्वीसारखा दणकट झाला म्हणायचा, भट्टीतलं लोखंड धरणारा हात आहे शेवटी.

मग ह्यांनी डाव टाकला. म्हणाले, मागचा शाफ्ट काढून ठेवू, फोर-व्हील टाकू म्हणजे पुढच्या चाकांना जोर मिळेल, आणि जीप नुसती पुढच्या चाकांवर चालवून पाहू. थरथर राहिली तर रोग दुसरीकडे. गेली तर शाफ्टमध्येच.

शाफ्ट खोलायला दोघंही गाडीखाली गेलो. एकेक नट इतका आवळलेला की पाना लावून मला लोंबकळावं लागलं. "पाहा, पाहा," मी खालून ओरडले, "हात गेला म्हणे! हे नट का मांजरानं आवळले?" ते गालातल्या गालात हसले. मला त्या नटांचा इतका आनंद झाला की हळद-कुंकू त्यांनाच लावावं वाटलं.

शाफ्ट काढून जीप रस्त्याला घेतली. पन्नास, साठ, सत्तर. काही नाही! गाडी अशी चालली की जणू कालच शोरूममधून काढली. "गेली, गेली!" मी स्टिअरिंगवर हात मारत होते. रोग सापडला याचा मला कोण आनंद. मग शेजारी पाहिलं तर ह्यांचा चेहरा पार उतरलेला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. थरथर शाफ्टमध्ये आहे, आणि शाफ्ट कोणी बसवला होता?

घरी येऊन मी देवापुढे उभी राहिले आणि म्हटलं, "देवा, शाफ्टच वाकडा निघू दे. नवा मालच खराब निघू दे." नव्या वस्तूत खोट निघावी म्हणून हात जोडणारी बाई देवानेही पहिल्यांदाच पाहिली असेल.

शाफ्ट पुन्हा जसा होता तसाच लावला, मागची चाकं अधांतरी राहतील अशी गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवली आणि मी गाडी गिअरमध्ये टाकून चालू ठेवली. ह्यांनी डाव्या हाताने फिरत्या शाफ्टजवळ खडू हळूहळू नेला. शाफ्ट वाकडा असला तर खडू एकाच बाजूला लागतो, सरळ असला तर गोल रेघ उमटते. मी इंजिन बंद करून धावत खाली वाकले. पांढरी गोल रेघ, बांगडीसारखी, पुरी. शाफ्ट सरळ होता.

हे हातातला खडू खाली ठेवून उठले. स्टुलावर बसून त्यांनी किल्ल्यांचा जुडगा खिशातून काढला आणि त्यातली शटरची चावी वेगळी करायला लागले. कडी निघेना. उजव्या हाताची नखं कडीवरून सारखी घसरत होती.

"ठेवा ते खाली," मी म्हटलं. ऐकलं नाही. त्यांच्याकडे बघत उभं राहणं मला जमणार नव्हतं. रडू आलं असतं आणि मला रडण्यापेक्षा घासणं बरं वाटतं. मी थिनरचा बोळा घेतला आणि शाफ्टवरची खडूची रेघ पुसायला गाडीखाली गेले. रेघ गेली, तिच्याबरोबर चंदेरी रंगही उतरायला लागला. सासऱ्यांच्या नावाने मनात चार शब्द बोलून मी आणखी जोरात घासलं, पुढच्या जोडापर्यंत. आणि अंगठ्याखाली काहीतरी खरबरीत लागलं.

"अवो, अठी काहीतरी हाय."

"बाण असन," वरून आवाज आला. त्यात जीव नव्हता.

बाणच होता. दोन हातांच्या रंगाने पार बुजलेला, पण अंगठ्याला लागत होता. मी दुसऱ्या तुकड्यावर घासलं. तिथेही बाण लागला. पण तो समोर नव्हता. जरासा बाजूला सरकलेला, फार नाही, एका दात्याएवढा. मी पुन्हा पुन्हा अंगठा फिरवला. समोर नव्हताच.

"इकडे या," मी म्हटलं.

ते आले, शेजारी आडवे झाले. मी त्यांचा उजवा अंगठा धरून बाणावर ठेवला. "लागते?"

त्यांनी अंगठा पुढे नेला, मागे आणला. मग डावा लावला आणि डोळे मिटले. आम्ही दोघं गाडीखाली, नाकात थिनरचा वास.

"उजव्याले नाई लागत," ते म्हणाले. "लकव्यापासून नाई लागत काही."

"मंग आंगठ्यानं पाह्यले म्हणे!"

"पाह्यले. खोटं नाई बोललो वं. इतकी वर्षं हेच केलं ना, आंगठ्याले आठवते सारं. फिरवला, अन् लागल्यासारखं झालं."

तो उकळता ग्लास तेव्हा मला आठवला. सगळी बोटं काचेला लावून आरामात धरलेला. मी दणकट हात म्हणून खूश झाले होते. त्या हाताला काही कळतच नव्हतं, आणि ह्या माणसाने ते कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरला नाही, मुलीला नाही, मला नाही. चेंडू दाबला, तांदूळ वेचले, नट आवळले. जोर परत आला होता, पण अंगठ्यातली जाण आली नव्हती.

मला रडू आलं ते आलंच. "भैताड माणूस!" मी ओरडले. "मले तरी सांगा लागत होतं! मी का परकी हाय?"

"सांगून काय होणार होतं?"

"मले आंगठा नाई का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. गाडीखाली तोंड इतकं जवळ असतं की माणसाला नजर चुकवता येत नाही. मग त्यांनी शाफ्टचे नट सैल केले, दोन्ही तुकडे ओढून सुटे केले आणि म्हणाले, "आण मंग आंगठा."

मी बांगड्या कोपराकडे सारल्या. ते फिरवत होते, मी दोन्ही बाणांवर अंगठा ठेवून होते.

"आला?"

"नाई."

"आता?"

"थांबा. थोडासा मांगं. हं, आला."

"पक्का?"

"माह्या बापाची शपथ."

त्यांनी दोन्ही तुकडे एकात सारले आणि नट आवळले. ते काम त्यांचंच होतं, त्यात मी बोट घातलं नाही.

आम्ही तिवशाला जाऊन पाहिलंच नाही. दिवाळी तोंडावर होती. सरळ पिशव्या भरल्या आणि जीप अकोल्याच्या रस्त्याला लावली. बडनेरा सुटल्यावर मी काटा सत्तरवर नेला आणि श्वास रोखून बसले. सीट गप्प, पत्रा गप्प, आरशात एका ट्रकचा एकच ट्रक. "अवो, पाहा," म्हणत वळले तर हे झोपलेले! मूर्तिजापूर यायच्या आत घोरायलाही लागले. किती दिवसांची झोप होती कोण जाणे. मी हॉर्नला हातसुद्धा लावला नाही.

मुलगी दारातच उभी होती. "गाडी कशी आली?" हाच पहिला प्रश्न.

"बिनतक्रार," मी घाईने म्हटलं. पण ह्यांनी खिशातून शटरची चावी काढून तिच्यासमोर धरली.

"माह्या हातानं टाकतो म्हटलं होतं. एकट्या माह्या हातानं नाई झालं." आणि सगळं सांगून टाकलं, अंगठ्यापासून उकळत्या ग्लासापर्यंत. खोटं बोलता येत नाही या माणसाला, सात महिने लपवता मात्र आलं.

मुलीने चावी घेतली नाही, बापाचा हात घेतला. अंगठ्यात नख रुतवलं. "इथे लागतंय?" नाही. "इथे?" नाही. तळहातावरून ती मनगटापर्यंत गेली. "इथे लागते," ते म्हणाले. ती मनगट धरून तशीच उभी राहिली आणि डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता. मग तिने चावी त्यांच्या दुसऱ्या हातातून घेऊन माझ्या हातात दिली.

"अट तुम्ही मोडली बाबा. आता माझी अट. आई शेजारी नसेल तर गाडीखाली जायचं नाही. आणि उकळता चहा डाव्या हातात."

तेव्हापासून ही नवी रीत लागली आहे. मी पोळ्या लाटत असते, बाहेरून आवाज येतो, "आंगठा आण वं!" मी पीठ झटकून जाते. गिऱ्हाईक बावचळून बघतं, बघू दे. रंग आता बाण सोडून लावतो. माझ्या त्या अंगठ्याचं नखही मी वाढू देत नाही.

यंदाच्या खंडेनवमीला मी पाट मांडला, पाने पुसून ठेवले, जॅक ठेवला. ह्यांनी एकेकाला हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं. पूजा झाली म्हणून मी उठायला लागले तर म्हणाले, "आंगठा आण."

"आता कोणता शाफ्ट आला?"

"आण म्हटलं ना."

मी हात पुढे केला. त्यांनी उजव्या हातानेच माझ्या अंगठ्यावर हळद लावली, मग कुंकू. दाबलं जरा जोरातच. किती जोर लागला ते त्यांना कळत नाही. मी हात काढून घेतला नाही.